खंडेनवमीची स्प्रिंग

रोह्याच्या आमच्या घराला लागून मी गॅरेजची जी शेड बांधली, तिच्या पत्र्याला मधोमध एक टेंगूळ आहे. आतून मार बसून बाहेर गेलेलं, वाटीएवढं. नवीन गिऱ्हाईक बाकावर बसून चहा पिताना वर बघतं आणि विचारतं, "काका, नारळ पडला काय वो?" नारळ वरून पडला तर टेंगूळ आत येईल, बाहेर कसं जाईल, एवढाही विचार माणसं करत नाहीत. पूर्वी असल्या प्रश्नावर मी चिडायचो. माझा स्वभावच तसा, काडी ओढायच्या आधी पेटणारा. आता चिडत नाही. गिऱ्हाइकाला वेळ असेल तर सगळी हकीकत सांगतो, कारण ती सांगून झाली की मला बरं वाटतं.

या धंद्यात मी उशिरा आलो. आधी रोह्यालाच एका कंपनीत शिफ्टमध्ये होतो. एका सुपरवायझरशी बोलाचाली झाली, मी हेल्मेट त्याच्या टेबलावर आपटलं आणि गेटबाहेर पडलो. गेटबाहेर आल्यावर आठवलं की घरी बायको आहे, दीड वर्षाचा मुलगा आहे आणि आपलं वय तीस आहे. तिसाव्या वर्षी मी पेणच्या एका मिस्त्रींकडे काम शिकायला जाऊ लागलो. माझ्याहून लहान माणसं तिथे माझ्याहून हुशार होती. ती मला "नवीन काका" म्हणायची, आणि मी ते कसंबसं गिळायचो.

मिस्त्री अंगाने किरकोळ होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. हनुवटीवर एक जुना खोल वण होता, त्यामुळे त्यांची दाढी तिथे नीट व्हायची नाही. मी गेलो त्या आठवड्यातच त्यांनी मला त्या वणावर बोट ठेवून सांगितलं, "हे बघून घे. हे शॉकअपच्या स्प्रिंगचं काम. मी हुशारी करायला गेलो व्हतो."

ज्यांचा गाड्यांशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता, त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या पुढच्या चाकाच्या शॉकअपवर, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या दांड्यावर, जाड स्प्रिंग चढवलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, नुसतीच अडकवली आहे. तशी ती नसते. खाली एका लोखंडी वाटीत टेकलेली, वर थाळी ठेवून दाबलेली आणि डोक्यावर एका नटाने कोंडलेली असते. गाडी उभी असो, चालू असो, भंगारात पडलेली असो, स्प्रिंगचा जोर आतल्या आत तसाच असतो. आधी तिला बाहेरून दाबून न धरता कोणी तो वरचा नट उघडला, तर ती समोर माणूस आहे की भिंत हे बघत बसत नाही.

तिला दाबून धरायला मिस्त्रींकडे दोन लांब बोल्ट होते. प्रत्येकाला दोन्हीकडे हुक. एक हुक स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यात, एक खालच्या. दोन बोल्ट समोरासमोर लावायचे आणि पान्याने आवळत जायचं, की स्प्रिंग आखडत जाते. आम्ही त्याला नुसतं 'जोडी' म्हणायचो. एकाच बाजूला जास्त आवळलं तर स्प्रिंग वाकडी होऊन हुकातून निसटते, म्हणून इकडे चार फेरे, मग तिकडे चार, मग परत इकडे. स्प्रिंग हाताने हलवली की वाटीत सैल खुळखुळली पाहिजे; त्याच्या आधी वरच्या नटाला पाना लावायचा नाही. नवीन स्प्रिंग बसवताना तिचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बरोबर टेकलं पाहिजे, आणि मग जोडी सोडायची, तीसुद्धा चार-चार फेऱ्यांनीच. काम सुरू करण्याआधी मिस्त्री खडूने फरशीवर दोन रेघा मारायचे, स्प्रिंगचं तोंड जिकडे असेल तिकडे, दरवाजापर्यंत. त्या रेघांच्या मध्ये कोणी यायचं नाही. आणि नटाला पाना लावला की दर वेळी विचारायचे, "समोर कोण हाय?" समोर कोणी नसलं तरी विचारायचे. मांजर असलं तरी हाकलायचे.

"दाबलेलं लोखंड गप्प असतं," ते म्हणायचे, "म्हणून ते शांत हाय असं समजू नको."

त्यांच्याकडे मी चार वर्षं काढली. स्वतःचं सुरू करायला निघालो तेव्हा मिस्त्रींनी खिळ्यावरची जोडी काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत घातली. ती त्यांनी पेणमधल्या एका लेथवाल्याकडून मुद्दाम करून घेतली होती. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मी दुसरी करून घेईन. तू रागीट हायेस. तुला जास्त लागंल." मी त्यांच्या पाया पडलो. तेव्हा ते बोलणं मला थोडं झोंबलं होतं, हेही खरं.

रोह्यात माझ्या शेडमध्ये मी एकटाच. माणूस ठेवायची ऐपत नव्हती. जोडी आवळायला दोन माणसं असली की काम सोपं होतं, म्हणून बायकोला हाक मारायचो. ती खांब गावाच्या बाजूची, भातशेती आणि वालाची वावरं असलेल्या घरातली. पहिल्या दिवशी पदर खोचून आली, पाना हातात घेतला आणि म्हणाली, "ह्ये तर जात्यासारखंच फिरवायचं." मग ती तिकडून चार फेरे, मी इकडून चार. मोठ्याने मोजायची. माझा हात घाईत पुढे गेला की थांबवायची. "तुमचे पाच झाले. एक मागं घ्या." गिऱ्हाईक हसायचं, मी चिडायचो, पण एक फेरा मागे घ्यायचो. वरचा नट मात्र मी काढायचो, आणि ती रेघेबाहेर उभी राहून मिस्त्रींसारखंच विचारायची, "समोर कोन हाय?" मिस्त्रींना तिने तेव्हा एकदाच पाहिलं होतं, पण त्यांच्या हनुवटीची गोष्ट माझ्याकडून पाठ करून घेतली होती.

त्या वर्षी नवरात्र आलं. गॅरेजवाल्यांची दसऱ्याआधी तारांबळ असते. दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. त्याआधी तिचं सगळं दुखणं-खुपणं काढून घ्यायचं असतं प्रत्येकाला. मी आठवडाभर मान वर केली नव्हती. पण खंडेनवमीच्या दिवशी काम बंद म्हणजे बंद, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझे वडील पेणच्या खाडीवर मिठागरात राबले. त्यांची फावडी एकदा खंडेनवमीला पूजेत बसली की दसऱ्याला उठेपर्यंत त्यांना कोणी बोट लावायचं नाही, असा घरात दंडक. आता माझी स्वतःची हत्यारं, स्वतःची शेड, पहिलीच खंडेनवमी. सकाळीच सगळे पाने रॉकेलने धुतले, पुसले, पाटावर लाल कापड घालून ओळीने मांडले. मध्यभागी जोडी. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. नैवेद्य दुपारी दाखवायचा होता. बायको मागच्या पडवीत भिजलेले वाल सोलत बसली होती, बिरड्यासाठी. पूजेकडे बघून माझा ऊर भरून आला होता. उगाच दोन-तीनदा कापडाची घडी सारखी केली.

तेवढ्यात दारात एक छोटी पांढरी गाडी खडखड करत येऊन थांबली.

गाडीतून उतरला तो पेणजवळच्या जोह्याचा मूर्तिकार. पेणच्या गॅरेजपासूनची ओळख. जोह्यात गणपतीचे कारखाने पुष्कळ, त्यात माती मळणारे, साचा भरणारे, रंग मारणारे पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी करणारा हात एखादाच असतो. हा त्यांतला होता. हंगामात त्याच्यापुढे रांगेने मूर्ती ठेवायच्या आणि हा एका श्वासात एक डोळा काढत जायचा. त्याच्या घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली, आणि सगळं घर त्या एका उजव्या हातावर चाललेलं. तो स्वतःच गमतीने म्हणायचा, "बाकी अंग गेलं तरी चालंल, येवडा हात ऱ्हावा." त्या दिवशी तो निडीला सासुरवाडीला निघाला होता, बायको-मुली आधीच जाऊन बसल्या होत्या.

"दादा, पुढची स्प्रिंग तुटली," तो म्हणाला. "नवीन पेणवरनंच घेऊन आलोय. तेवडी चढवून द्या."

"आज नाही. आज हत्यारं बसलीत." मी पूजेकडे बोट दाखवलं.

त्याने चपला काढून पूजेला नमस्कार केला. मग हळूच म्हणाला, "दादा, पन उद्या मी गाडीला हार कसा घालू? तुटल्या अंगाची गाडी पूजेला लावू काय? आमच्यात मूर्तीचं नख उडालं तरी ती पूजेला चालत नाय."

मला हत्यार पूजेतून उठवायचं नव्हतं, त्याला मोडकी गाडी पूजेला लावायची नव्हती. दोघेही एकाच मातीचे. तिसरा शहाणा माणूस तिथे असता तर म्हणाला असता, बाबांनो, परवा या. पण शहाणा माणूस आत वाल सोलत होता आणि आम्ही त्याला विचारलं नाही.

पूजेत ठेवायला लाज वाटावी असे तीन-चार जुने पाने आणि जॅक बाहेर राहिला होता. तेवढ्यावर गाडी उचलता आली असती, शॉकअप खाली काढता आला असता. अडलं होतं ते जोडीपाशी. मूर्तिकाराने डिकी उघडली आणि नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं काढलं.

"ह्या दोरीनं सहा फुटी मूर्ती बांधून आमी घाट उतरतो," तो म्हणाला. "केस हलत नाय. ह्यानं तुमची स्प्रिंग नाय बांधली जानार?"

दोरी चांगली होती, त्याची गाठ त्याहून चांगली होती. पण मूर्ती बांधलेल्या जागेवरून पळायला बघत नाही, स्प्रिंग बघते. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचायला हवी होती. मिस्त्रींची हनुवटी आठवायला हवी होती. मला आठवलं ते एवढंच, की पहिल्याच वर्षी दारात आलेलं माणूस परत पाठवायचं नाही आणि वडिलांचा दंडकही मोडायचा नाही. दोन्ही साधतंय म्हटल्यावर मी खूश झालो. माणूस स्वतःवर खूश झाला की त्याची अक्कल पेंड खायला जाते.

स्प्रिंगचा खालचा अर्धा वेढाच तुटला होता, बाकी जोर शाबूत होता. गाडी जमिनीवर उभी असताना तिच्याच वजनाने स्प्रिंग थोडी दबलेली होती. तशीच ती आम्ही दोरीने वेढ्यावेढ्यांतून आवळून बांधली. मग गाडी जॅकवर घेतली, शॉकअप सोडवून बाहेर काढला आणि बाकड्यावर उभा धरला. दोरी तटतटली होती, पण धरून होती. "बघा!" मूर्तिकार म्हणाला. मीही म्हटलं, "वा!" खडूच्या रेघा मारल्या नाहीत. खडूसुद्धा पूजेच्या पाटाखाली होता.

नट फिरवताना वरची थाळी सोबत फिरू नये म्हणून कोणीतरी दाबून धरायला हवी होती. मूर्तिकाराने डाव्या हाताने शॉकअपचा बुंधा धरला आणि उजवा तळहात थाळीवर ठेवला. मी सवयीने बाजूला उभा होतो. चार वर्षांत मिस्त्रींनी तेवढं अंगात मुरवलं होतं, म्हणून आज मला पुढचे दात आहेत. पाना लावला. नट एक आटा वर आला, दोन आले. दोरी करकरली. "बसतेय जागेवर," मी म्हटलं.

पडवीच्या दारात बायको येऊन उभी राहिलेली मला दिसली. हातात वालाच्या सालांचं ताट होतं. तिने बाकड्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, पूजेकडे पाहिलं. आत निघून गेली. मला वाटलं, सालं टाकायला गेली असेल.

लगेच परत आली ती मूठ मिटून. बाकड्यापासून दूर, पार शेडच्या तोंडाशी उभी राहिली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "भावोजी, परसाद घ्या."

"हात माखलेत, वहिनी," तो म्हणाला. "थोडं थांबा."

"देवाच्या परसादाला थांब म्हनू नये. माखलेले तर माखलेले. इकडं या, पयले घ्या. अवो, तुमी पन या."

प्रसादाला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे जन्माला यायचाय. त्याने थाळीवरचा हात काढला, पँटला पुसला आणि पाच-सहा पावलं चालत तिच्यापर्यंत गेला. उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा धरला. तिने त्याच्या तळहातावर प्रसाद ठेवला. मी चिडलो. हातातलं काम टाकून माणूस गेला याचा राग, आणि बायकोने मध्येच बोलावलं याचाही. "प्रसाद काय पळून जातोय काय?" मी ओरडलो. "एवढा एक आटा राहिलाय." आणि शॉकअप डाव्या हाताने लांबून धरून मी पाना ओढला.

फटाक्यासारखा आवाज झाला असं मी पूर्वी सांगायचो. तसा तो नव्हता. बैलगाडीचं जू मोडावं तसा कोरडा, मोठा आवाज झाला. दोरी सुटली की तुटली ते मला दिसलं नाही. थाळी आणि स्प्रिंग वर गेली, पत्र्यावर आदळली, पत्रा घुमला, आणि स्प्रिंग परत खाली आली ती नेमकी पाटावर. झेंडू उधळले, कुंकवाची वाटी उलटली, पाने चहूकडे गेले.

मूर्तिकार तिथेच उभा होता, हात तसाच पुढे. तळहातावर साखरेचे चार दाणे चमकत होते. त्याने बाकड्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, हात उलटा केला, परत सुलटा केला. साखर खाली सांडली ते त्याला कळलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "माझा हात तिथं व्हता."

आणि मी काय बोललो? ते सांगायची मला आजही लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "पूजा मोडली!"

बायकोचा आवाज तेव्हाही चढला नाही. "पूजा परत मांडता येल," ती म्हणाली. "भावोजींचा हात परत मांडता आला असता काय?"

मी त्याच फरशीवर बसलो. हातातला पाना सोडवेना, तो तिने बोटं उलगडून काढून घेतला. मग उधळलेल्या झेंडूतून जोडी उचलली, पदराने कुंकू पुसलं, एक बोल्ट माझ्या मांडीवर ठेवला, एक स्वतःकडे घेतला. खडू शोधला आणि तिनेच फरशीवर दोन रेघा मारल्या.

"उठा," म्हणाली. "चार मी, चार तुमी."

नवीन स्प्रिंग आम्ही दोघांनी जोडीने दाबली. ती मोजत होती आणि मी मुकाट्याने ऐकत होतो. एकदाही माझे पाच झाले नाहीत. स्प्रिंग शॉकअपवर घातली, टोक खाचेत टेकलं की नाही ते मी दोनदा बोटाने चाचपलं, थाळी ठेवली. नट बसवताना तिने विचारलं, "समोर कोन हाय?" मूर्तिकार शेडच्या पार बाहेर, रस्त्याच्या कडेला, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता. तिथून ओरडला, "कोन नाय, वहिनी! मी तर नायच नाय!" तेव्हा पहिल्यांदा आम्ही तिघे हसलो, आणि भीतीनंतरचं हसू जसं थांबत नाही तसं किती तरी वेळ थांबलो नाही.

मग तिने पूजा परत मांडली. बिरडं झालं, भात झाला, नैवेद्य दाखवला, आणि मूर्तिकाराला आम्ही जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याने तीन वेळा बिरडं मागून घेतलं. भात कालवताना मधेच थांबून तो स्वतःच्या बोटांकडे बघायचा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी आपट्याची पानं घेऊन पेणला मिस्त्रींकडे गेलो. सोनं दिलं, पाया पडलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, बोलतील. मी तर माझी जोडी परत द्यायच्या तयारीने फडक्यात बांधून नेली होती. ऐकून घेऊन त्यांनी नेहमीचंच विचारलं.

"समोर कोण व्हतं?"

"कोणी नाही. तो प्रसाद घ्यायला गेला होता."

"परसाद कोणी आणला?"

"बायकोने."

मिस्त्रींनी हनुवटीचा वण खाजवला. मग आत जाऊन आपट्याचं एक पान घेऊन आले. "हे तिला दे. माझ्याकडनं सांग." फडकं त्यांनी उघडलंही नाही, तसंच माझ्या पिशवीत कोंबलं. "आणि ऐक. मी खंडेनवमीला जोडीला हळद लावतो आणि खिळ्यावरच टांगून ठेवतो. पुसून, तेल घालून जागेवर ठेवलं की झाली पूजा. कोणाला कधी लागंल सांगता येत नाय." पान मी बायकोला नेऊन दिलं. तिने ते देवापाशी ठेवलं. त्यांनी तिला वेगळं पान का दिलं, हे मी विचारलं नाही. मोठ्या माणसांची रीत असेल म्हटलं.

त्यानंतर मी बदललो असं म्हणणार नाही. राग गेला नाही. पण खडूशिवाय स्प्रिंगला हात लावला नाही, आणि माझ्या शेडमध्ये शिकून गेलेल्या कोणाच्याही हनुवटीवर वण नाही. मिस्त्रींचे उपकार मी त्यांच्या हयातीत बोलून दाखवले, याचं मला समाधान आहे. मूर्तिकार दर वर्षी आमच्या घरच्या गणपतीचे डोळे स्वतः आखतो. आता केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी आमची मूर्ती तो दुसऱ्या कोणाला आखू देत नाही. मूर्ती घरी आली की मी आधी तिचे डोळे बघतो, आणि मला कसं भरून येतं ते त्या देवालाच ठाऊक.

पत्र्यावरचं टेंगूळ मी ठोकून सपाट केलं नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो की देवाचा प्रसाद आडवा आला, नाहीतर त्या दिवशी एक हात गेला होता. इतकी वर्षं सांगत आलो. सांगताना बायको तिथेच असायची, चहा गाळत, निवडण निवडत. कधी मध्ये बोलली नाही.

परवाच्या खंडेनवमीला नवी सून घरात. सासू-सुना पडवीत वाल सोलत बसल्या होत्या आणि मी बाजेवर बसून सुनेला ही गोष्ट पहिल्यांदाच सांगत होतो. पूजा, दोरी, हात, प्रसाद, सगळं रंगवून. सून लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने भुवया जवळ घेतल्या.

"पण बाबा, आई तेव्हा वाल सोलत होत्या ना? म्हणजे नैवेद्य दाखवायचा होता अजून. मग प्रसाद कुठून आला?"

इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितलं, स्वतः पूजा मांडली होती, नैवेद्य नंतर दाखवला तेव्हा समोर बसलो होतो, आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. मी बायकोकडे पाहिलं. तिने हातातला वाल सोलून पूर्ण केला, पातेल्यात टाकला.

"साखर व्हती," म्हणाली. "चायच्या डब्यातली."

"देवापुढे ठेवली होतीस?"

"देवापुढं जायला येळ कुठं व्हता? ती दोरी करकरत व्हती."

"मग सरळ सांगायचंस ना, हात काढा म्हणून!"

"कुनाला सांगू? वरडले असते तर भावोजी दचकले असते आन् तुमी रागानं पाना वडला असता. तुमचा सोबाव मला म्हाईत. देवाचं नाव काढलं म्हंजे कसा पन मानूस हात मोकळा करतो." ती थोडं हसली. "तुमी तर देवाचं पन नाय ऐकलंत."

सून खाली मान घालून हसू दाबत होती. मला पेणच्या मिस्त्रींनी दिलेलं ते पान आठवलं. त्यांना दोन प्रश्नांत कळलं होतं. मी तिच्याबरोबर जन्म काढला, जोडीचे फेरे मोजले, आणि ज्या हाताने आमच्या गणपतीला डोळे दिले तो हात कोणी राखला हे मला सुनेने विचारल्यावर कळलं. इतकी वर्षं तिचं श्रेय मी देवाला दिलं, आणि तिने ते देऊ दिलं.

"मी तेव्हा घेतलाच नाही," मी म्हटलं. "तू मलाही बोलावलं होतंस. माझा राहिलाय."

बाजेवरून उठलो, तिच्यापुढे उभा राहिलो आणि उजवा हात पुढे केला. तिने माझ्याकडे वर पाहिलं, पदराला हात पुसले, आत गेली आणि चहाचा डबा घेऊन आली. चमचाभर साखर माझ्या तळहातावर ठेवली. मी ती डोळ्यांना लावली आणि खाल्ली.